आयर्लंडची टारमॅक रॅली: पहिल्यांदा बघायला निघालात तर

सगळ्यात आधी एक सांगून टाकतो. रॅली बघायला गेलात तर तुम्हाला शर्यत दिसणार नाही. एक गाडी येईल, पाच-सहा सेकंदांत समोरून निघून जाईल, मग शांतता. अर्ध्या-एक मिनिटाने दुसरी. कोण पुढे, कोण मागे, काही कळायचं नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा क्लोनाकिल्टीजवळ एका बांधावर दोन तास पावसात उभा राहिलो आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "गाड्या होत्या. ओल्या होत्या." ज्याच्या आग्रहाने गेलो तो कंपनीतला मित्र मात्र दर दोन गाड्यांमागे मोबाइल बघून "सहा सेकंद काढले!" म्हणून ओरडत होता. मी गाड्या बघत होतो आणि तो घड्याळ बघत होता. फरक तेवढाच होता, पण सगळी रॅली त्या फरकात आहे.

कॉर्क, डब्लिन, गॉलवे इकडे आता बरीच मराठी कुटुंबं आहेत. वीकेंडला मोहरच्या कड्यांना तिसऱ्यांदा जाण्यापेक्षा हे एकदा करून बघा. कसं करायचं, ते क्रमाने सांगतो.

१. आधी फेरी निवडा

आयरिश टारमॅक रॅली चॅम्पियनशिप १९७८ पासून चालू आहे. टारमॅक म्हणजे आपला डांबरी रस्ता. माती-खडीवरच्या आणि जंगलवाटांवरच्या रॅलींची गणितं वेगळी, ती इथे आणायची नाहीत. ही स्पर्धा अख्ख्या बेटाची आहे. रिपब्लिकमधल्या फेऱ्या आणि उत्तर आयर्लंडमधल्या फेऱ्या एकाच गुणतक्त्यात धरतात. सीमा ओलांडली की वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर जातात, एवढं लक्षात ठेवा. माझं लक्ष नव्हतं.

हंगाम फेब्रुवारीत गॉलवेला सुरू होतो. मार्चमध्ये क्लोनाकिल्टीला वेस्ट कॉर्क, ईस्टरच्या सुमारास सर्किट ऑफ आयर्लंड, मे महिन्याच्या सुट्टीत किलार्नीची रॅली ऑफ द लेक्स, जूनमध्ये डोनेगल, ऑगस्टमध्ये अल्स्टर आणि शेवटी शरद ऋतूत कॉर्क ट्वेंटी. दरवर्षी साती होतातच असं नाही, एखादी गळते, म्हणून त्या वर्षीचं कॅलेंडर बघूनच हॉटेल बुक करा. प्रत्येक रॅली तिथला स्थानिक मोटर क्लब भरवतो. माणसं सगळी हौशी, बिनपगारी. आपल्याकडच्या गणेशमंडळाचे कार्यकर्ते डोळ्यांसमोर आणा, फक्त ढोलाच्या जागी स्टॉपवॉच.

नवख्या माणसाने वेस्ट कॉर्क किंवा किलार्नी धरावी. दोन्ही गावं छोटी आहेत, मुलांना रमवायला बाकीच्या गोष्टी आहेत आणि स्टेज, म्हणजे गाड्या जोरात पळतात ते रस्ते, जवळ आहेत. गॉलवेला सकाळी रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा असू शकतो, तो अनुभव दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा. डोनेगल मात्र या सगळ्यांची पंढरी. १९७२ मध्ये सुरू झालेली, तीन दिवसांची, लेटरकेनीहून सुटणारी. त्या आठवड्यात लेटरकेनीत खोली मिळणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात खोली मिळणं. लोक पुढच्या वर्षीचं बुकिंग निघतानाच करून ठेवतात.

२. घड्याळ समजून घ्या

रॅलीत दोन प्रकारचे रस्ते असतात. ज्यावर जोर लावून गाडी हाणायची ते स्टेज. तेवढ्यापुरता रस्ता बाकी वाहतुकीला बंद. दोन स्टेजच्या मधला तो रोड सेक्शन. तिथे रॅलीची गाडीही तुमच्या-माझ्या गाडीसारखी सिग्नलला थांबते आणि ट्रॅक्टरच्या मागे कुढत चालते. तिला नंबर प्लेट लागते, विमा लागतो आणि गार्डा, म्हणजे इथले पोलिस, तिलाही वेगाचा दंड करू शकतात.

निकाल म्हणजे सगळ्या स्टेजना लागलेल्या वेळांची बेरीज, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजलेली. ज्याची बेरीज सगळ्यात कमी, तो जिंकला. डोनेगलला अशा वीसेक स्टेज असतात, मिळून सुमारे ३०० किलोमीटर. तीन दिवस एवढं पळून पहिल्या दोघांत काही सेकंदांचं अंतर उरतं, तेव्हा सहा सेकंदांसाठी ओरडणारा मित्र वेडा वाटत नाही.

पण खरी गंमत टाइम कार्डात, म्हणजे प्रत्येक जोडीच्या वेळा नोंदवायच्या कार्डात आहे. समजा ड्रायव्हर-नॅव्हिगेटरची एक जोडी १०:१४ ला सर्व्हिस पार्कमधून, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या तळावरून, सुटली आणि पुढच्या टाइम कंट्रोलपर्यंत, म्हणजे वेळ नोंदवायच्या नाक्यापर्यंत, ३२ मिनिटं दिलेली आहेत. म्हणजे कार्ड टेबलावर १०:४६ ला पोचलं पाहिजे, १०:४५ ला नको आणि १०:४७ लाही नको. आंतरराष्ट्रीय रॅलींच्या नियमांत उशिराला दर मिनिटामागे १० सेकंद दंड आहे. लवकर पोचलात तर दंड त्याहून भारी, दर मिनिटाला पूर्ण एक मिनिट! म्हणूनच कंट्रोलच्या अलीकडे, पिवळ्या घड्याळाच्या पाटीआधी, तीनशे अश्वशक्तीच्या गाड्या निमूट रांगेत उभ्या दिसतात. १०:४५ वाजले की गाडी पाटीच्या आत घेतात. नॅव्हिगेटर, म्हणजे ड्रायव्हरशेजारी बसून रस्ता सांगणारा, उतरून लाल घड्याळाच्या पाटीपाशी टेबलाजवळ जातो आणि अधिकाऱ्याच्या घड्याळावर ४६ चा आकडा पडला की कार्ड पुढे करतो. सगळ्या दिवसातलं हे दृश्य मला सगळ्यात आवडतं. एवढा आटापिटा करून कमावलेले दहा सेकंद इथे नुसत्या वेंधळेपणाने जाऊ शकतात, आणि जातातही.

अपघात होऊन स्टेज मध्येच थांबवली, तर मागच्यांचं काय? त्यांना अंदाजाने ठरवलेली वेळ देतात, तिला नोशनल टाइम म्हणतात. त्यावरून रात्री पबमध्ये वाद होतात. आपण त्यात पडू नये.

गुण नोंदणी केलेल्या स्पर्धकांनाच मिळतात, त्यामुळे रॅली एखाद्या पाहुण्याने जिंकली तरी तक्त्यावर वेगळंच नाव वर असू शकतं. किती फेऱ्यांचे गुण धरायचे ते त्या वर्षीच्या नियमपुस्तकात असतं. बेरीज करण्याआधी ते उघडा.

३. रस्ता वाचायला शिका

डांबरी म्हटलं की गुळगुळीत असं आपल्या डोक्यात येतं. इथे ते विसरा. पश्चिम किनाऱ्यावरचे बरेचसे गावरस्ते दलदलीच्या मऊ जमिनीवर टाकलेले आहेत. खालची माती कमी-जास्त दबते आणि वरचं डांबर गोधडीसारखं वरखाली होतं. गाडी एका उंचवट्यावरून सुटते आणि दुसऱ्यावर आदळते. रस्ता जेमतेम एका गाडीपुरता, मध्ये गवताची रेघ, दोन्ही बाजूंना दगडी भिंत नाहीतर झुडपांनी झाकलेला बांध.

त्या बांधाला इथे 'डिच' म्हणतात. शाळेत आपण डिच म्हणजे खंदक असं शिकलो. आयरिश माणूस "तो डिचवर चढला" म्हणाला तर गाडी खड्ड्यात शोधू नका, वर शोधा.

हा असा रस्ता दीडशेच्या वेगाने न बघता कसा चालवायचा? त्यासाठी पेस नोट्स. रॅलीच्या आधी ठरलेल्या दिवशी, रोजच्या वेगमर्यादेत, प्रत्येक स्टेजवरून मोजक्या वेळा जायची मुभा असते. तिला रेकी म्हणतात. त्यात ड्रायव्हर वळणं बोलतो, नॅव्हिगेटर लिहून घेतो. बरेच जण तयार नोट्स विकत घेऊन त्यात आपल्या दुरुस्त्या करतात. नोट साधारण अशी असते: "हंड्रेड, फ्लॅट क्रेस्ट, फिफ्टी, लेफ्ट फोर टायटन्स थ्री, डोन्ट कट, इंटू स्क्वेअर राइट अ‍ॅट हाउस."

फोड करून सांगतो. शंभर मीटर सरळ. मग चढ, ज्याच्या पलीकडचं दिसत नाही, तरी पाय काढायचा नाही. पन्नास मीटरवर डावं वळण. बहुतेकांच्या मापात १ म्हणजे अगदी हळू आणि ६ म्हणजे जवळजवळ सरळ, त्यामुळे ४ हे मध्यम. पण ते आत जाऊन आवळतं आणि ३ होतं. आतला कोपरा कापायचा नाही, कारण गवतात दगड आहे. आणि ते संपतं न संपतं तोच घरापाशी उजवीकडे काटकोन. हे सगळं वाचायला नॅव्हिगेटरला काही सेकंद मिळतात, तेही गाडी हवेत असताना. आमच्याकडे घाटात उलटीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी या कामाचा आदर करावा.

मागून सुटणाऱ्या गाड्यांचं आणखी एक दुखणं असतं. पुढच्यांनी कोपरे कापून चाकांबरोबर चिखल रस्त्यावर आणलेला असतो. पहिल्या गाडीला जो कोपरा कोरडा मिळाला तो साठाव्या गाडीला साबणासारखा मिळतो. त्यातच टायर निवडायचे ते सर्व्हिस पार्कमध्ये, स्टेजपासून कितीतरी दूर. किलार्नीत ऊन असतं आणि मॉल्स गॅपच्या खिंडीत धुकं आणि पाऊस. म्हणून संघ आधी आपला माणूस वर पाठवतात, तो फोनवरून रस्त्याची खबर देतो.

४. गाड्या ओळखा, पण फार नाही

पहिल्या दहा-पंधरात बहुतेक रॅली-२ वर्गातल्या गाड्या असतात: स्कोडा फाबिया, ह्युंदाई आय-२०, फोर्ड फिएस्टा, सिट्रोएन सी-३, टोयोटा जीआर यारिस. १.६ लिटरचं टर्बो इंजिन, चारही चाकांना ताकद, किमान वजन १२३० किलो. नवी घ्यायची तर दोन लाख युरोंच्या वर. दिसायला आपल्या दारातल्या आय-२० ची बहीण, पण नात्याने फार लांबची.

त्या बघा, टाळ्या वाजवा. पण थांबायचं असतं ते त्यांच्या मागून येणाऱ्या जुन्या फोर्ड एस्कॉर्टसाठी. सत्तरच्या दशकातली, मागच्या चाकांवर चालणारी ही गाडी इथल्या माणसाचा जीव की प्राण आहे. कवच जुनं ठेवून आत आधुनिक इंजिन आणि गिअरबॉक्स भरतात, आणि मग ती वळणावर आडवी होऊन येते. आवाज आधी येतो, डोंगरापलीकडून. अशा मॉडिफाइड गाड्यांना वेगळी बक्षिसं असतात. शेजारच्या आजोबांना रॅली-२ मधलं काही कळत नाही, पण आडवी एस्कॉर्ट दिसली की ते काठी वर करून "कीप 'अर लिट!" ओरडतात. चुलीतला जाळ विझू देऊ नकोस, असं काहीसं.

चालवणारे बहुतेक गॅरेजवाले, शेतकरी, बांधकाम ठेकेदार. सोमवारी कामावर. पण पातळी हलकी समजू नका. २०१९ ला ही चॅम्पियनशिप जिंकणारा वॉटरफर्डचा क्रेग ब्रीन, नॅव्हिगेटर पॉल नेगल. दोघंही जागतिक स्पर्धेत खेळलेले. एप्रिल २०२३ मध्ये क्रोएशियातल्या रॅलीआधीच्या सरावात अपघात होऊन ब्रीन गेला. त्याचं नाव इथे अजून मागच्या काचेवर चिकटवलेलं दिसतं. सर्किट ऑफ आयर्लंड तर १९३१ पासूनची आहे. १९६४ मध्ये मिनी घेऊन मोंटे कार्लो जिंकणारा पॅडी हॉपकर्क ती पाच वेळा जिंकला.

५. प्रत्यक्ष दिवशी

आदल्या संध्याकाळी सर्व्हिस पार्कमध्ये चक्कर मारा. मुलांना तिथेच जास्त मजा येते. मेकॅनिक ठरलेल्या मिनिटांत निम्मी गाडी उघडून परत बसवतात. मध्ये मध्ये करू नका, एवढंच पथ्य. तिथेच रॅलीचं प्रोग्रॅम बुक विकत घ्या. त्यात नकाशे, बघायच्या जागा आणि रस्ता बंद व्हायच्या वेळा असतात. ही शेवटची गोष्ट गोल करून ठेवा. पहिली गाडी दहाला असेल तर रस्ता त्याच्या बराच आधी बंद होतो. एकदा मी "दहा मिनिटं तर झालीत" म्हणत पोचलो आणि अडथळ्यापाशी उभं राहून सगळी स्टेज कानांनी बघितली.

गाडी शेताच्या फाटकासमोर लावू नका, अगदी 'दोन मिनिटं' सुद्धा. गमबूट, रेनकोट, थर्मासमधला चहा आणि घरचं खाणं घ्या. मी थेपले नेतो. आसपासच्या आयरिश मंडळींना ते आता नावानिशी माहीत आहेत.

उभं कुठे राहायचं? उंचावर आणि वळणाच्या आतल्या बाजूला, तेही मागे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीच नाही, कारण सुटलेली गाडी तिकडेच येते. टेपच्या पुढे नाही, भिंतीवर पाय सोडून बसायचं नाही, आणि मागे पळायला जागा आहे का ते आधी बघायचं. मार्शलने, म्हणजे रस्त्यावर पहारा देणाऱ्या स्वयंसेवकाने, हलायला सांगितलं की हुज्जत न घालता हलायचं. हा खेळ खरोखर जिवावरचा आहे. लागोपाठ तीन वर्षं डोनेगल जिंकलेला मानस केली २०१९ मध्ये त्याच रॅलीत स्टेजवर अपघात होऊन गेला.

पहिल्या स्पर्धकाच्या आधी अधिकाऱ्यांच्या गाड्या जातात. शेवटच्या तिघींवर ०००, ०० आणि ० असे आकडे असतात. शून्य गेली की मुलांचा हात धरा. शेवटच्या स्पर्धकानंतर स्टेज मोकळी करणारी गाडी येते. ती जाईपर्यंत रस्ता बंदच आहे असं समजा. मोठी फट पडली म्हणून पलीकडच्या मित्राकडे रस्ता ओलांडून जाणारे महाभाग दरवर्षी दिसतात.

अडकलेल्या गाडीतून कोणी हिरवा 'ओके' फलक दाखवला तर ठीक. लाल 'एसओएस' दिसला तर मदत हवी आहे. तुम्ही धावू नका, मार्शलला हाक मारा.

६. दुसऱ्या वर्षी मार्शल व्हा

माझं मत विचाराल तर रॅली कळायचा हा एकच खात्रीचा मार्ग. कारण तेव्हा समजतं की हे रस्ते क्लबचे नाहीत, उसने घेतलेले आहेत. रिपब्लिकमध्ये १९९३ च्या रोड्स अ‍ॅक्टखाली काउंटी कौन्सिल रस्ता बंद करायची परवानगी देते, आधी वर्तमानपत्रात नोटीस येते, लोकांना हरकत घेता येते. पण त्याच्या कितीतरी आधी क्लबची माणसं त्या रस्त्यावरच्या दारोदार जाऊन चहा पिऊन आलेली असतात. कुणाच्या गाई दुभायच्या वेळेला पलीकडे न्यायच्या आहेत, कुणाच्या घरी डायलिसिसचा रुग्ण आहे, कुणाकडे त्या दिवशी बारसं आहे, हे सगळं त्यांच्या वहीत असतं. इंग्लंडमध्ये असे रस्ते बंद करायची सोय कायद्याने २०१७ मध्ये झाली आणि पहिली रॅली २०१८ मध्ये क्लॅक्टनला झाली. तोवर तिकडचे डांबरवेडे बोटीने इकडे यायचे, अजूनही येतात.

बंद रस्ता खरोखर बंद राहिला नाही तर काय होतं हे आपल्याला माहीत आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेरजवळ राष्ट्रीय रॅलीच्या स्टेजवर एक मोटरसायकल आली आणि एकाच घरातली तीन माणसं गेली. मार्शलचं काम म्हणजे ती मोटरसायकल थांबवणं. एका गल्लीच्या तोंडाशी दिवसभर टेप धरून उभं राहायचं, बस्स. मोटरस्पोर्ट आयर्लंडकडे, म्हणजे इथल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेकडे, नोंदणी करा, प्रशिक्षण घ्या, आणि जवळच्या क्लबला कळवा. ते नाही म्हणत नाहीत, माणसं कायम कमी पडतात.

मला पहिल्या वर्षी एक फाटक दिलं होतं. दुपारी आतून एक आजी कोट घालून बाहेर आल्या. मी घाबरत घाबरत म्हटलं, आता जाता येणार नाही. त्या म्हणाल्या, "जायचंय कुणाला? तू सकाळपासून उभा आहेस, म्हणून सूप आणलंय."

७. आणि स्वतः बसायचं असेल तर

पुण्याच्या संजय टकले यांनी आशिया-पॅसिफिकच्या रॅली केल्या, त्या वाचून तुमच्याही मनात काही आलं असेल. यावं. पण घाई नको. आधी पूर्ण आयरिश लायसन्स. भारतीय लायसन्स इथे बदलून मिळत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मग क्लबचं सदस्यत्व आणि मोकळ्या आवारात शंकू मांडून होणारी ऑटोटेस्ट. ती रोजच्या गाडीने करता येते. स्टेज रॅलीसाठी वेगळा परवाना, गाडीत लोखंडी पिंजरा, मान धरून ठेवणारं उपकरण, न पेटणारे कपडे, आणि हेल्मेटपासून पट्ट्यांपर्यंत सगळं मान्यताप्राप्त. रॅलीआधीच्या तपासणीत शिक्के आणि मुदती बघतात. जुनं स्वस्तात घेण्याआधी तारीख वाचा.

स्वस्त वाट म्हणजे नॅव्हिगेटर होणं. गाडी दुसऱ्याची, हेल्मेट आपलं. त्याची शाळा म्हणजे रात्री नकाशावरून होणाऱ्या नॅव्हिगेशन ट्रायल. तिथे वेग नाही, फक्त बरोबर वळण शोधायचं. मी मागच्या हिवाळ्यात एका मित्राबरोबर बसलो. अकराच्या सुमाराला मी पूर्ण खात्रीने "पुढे डावीकडे" म्हटलं आणि आम्ही एका गोठ्यात शिरलो. दिवे लागले, कुत्रा आला, मग मालक आला. त्याने खिडकीतून नकाशा बघितला, मधली एक घडी उघडून दिली आणि गाईंकडे परत गेला.